चौथ्या नावाची गोष्ट

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. गणपती विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या शाळेच्या जुन्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि कांद्याचे भाव यापलीकडे फारसं काही येत नाही. त्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या श्रीरामपूरच्या पोरीने एशियन गेम्समध्ये गोल्ड मारलं!'

कोपरगावात बसून श्रीरामपूरला 'आपलं' म्हणायला काही अडचण नाही. कोपरगाव स्टेशनवर दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पुणतांबा, चितळी मागे टाकत गाडी 'बेलापूर'ला थांबते. नवख्या माणसाला वाटतं, चुकून नवी मुंबईत आलो की काय. ते बेलापूर म्हणजेच आमचं श्रीरामपूर. दोन्ही गावांच्या आजूबाजूला ऊस, दोन्हीकडे साखर कारखान्याचं राजकारण, आणि दोन्हीकडे टेनिस म्हटलं की आधी आठवतो तो क्रिकेटचा टेनिस बॉल.

त्या श्रीरामपुरात जन्मलेल्या ऋतुजा भोसलेनं चीनमधल्या हांगझोऊ शहरात रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं होतं. अंतिम सामन्यात समोर होती चायनीज तैपेईची, म्हणजे तैवानची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा आला, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. बोपण्णा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. ऋतुजा सत्तावीसची.

ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडत राहिले. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, 'पण मग बायकांची टीम कुठे होती? टीमचं मेडल नसतं का टेनिसमध्ये?'

प्रश्न साधा होता. उत्तर असं की, होतं. आता नाही. ते का महत्त्वाचं आहे, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

तुकोबांच्या गाथेपासून विम्बल्डनपर्यंत

एकोणिसाव्या शतकात शंकर पांडुरंग पंडित नावाचे एक मोठे संस्कृत पंडित होऊन गेले. इंदुप्रकाश छापखान्यानं १८६९ साली तुकारामांच्या गाथेची जी प्रसिद्ध आवृत्ती काढायला घेतली, तिच्या संपादनात त्यांचा वाटा होता. त्यांची मुलगी क्षमा १८९० साली पुण्यात जन्मली. लग्नानंतर ती क्षमा राव झाली. पंडिता क्षमा राव संस्कृतात लिहीत. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली. आणि त्या टेनिसही खेळत.

त्यांची मुलगी लीला. १९३४ साली लीला राव विम्बल्डनच्या एकेरीत उतरली आणि पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला तिनं ४-६, १०-८, ६-२ असं हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तुकोबांची गाथा छापणाऱ्याची नात विम्बल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकते, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत नाही. असायला हरकत नव्हती.

पण लीला रावपुढे एक दार बंद होतं, आणि त्याचा तिच्या खेळाशी काही संबंध नव्हता. ऑलिंपिकमध्ये बायका टेनिस खेळत होत्या त्या १९०० पासून. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताकडून नोरा पॉली ही महिला एकेरीत खेळली होती. त्यानंतर टेनिस ऑलिंपिकच्या यादीतूनच गेलं. पदकाचा खेळ म्हणून ते परत आलं थेट १९८८ साली, सोलमध्ये. मधली चौसष्ट वर्षं जगातल्या कुठल्याही टेनिसपटूला, ती कितीही चांगली असो, ऑलिंपिक पदक मिळणं शक्य नव्हतं.

म्हणजे खेळाडू घडते ती कोर्टवर. पण तिला कुठे खेळता येईल, हे ठरतं एका यादीत. कुठले प्रकार ठेवायचे, कुठले काढायचे, हे कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवतं. आपण ती यादी कधी वाचतही नाही.

पुरुषांचा संघ १९२१, बायकांचा १९९१

टेनिस हा एकट्यानं खेळायचा खेळ, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कोर्टवर एकटी, बाकावर एकटी, हरल्यावर बॅग उचलून एकटीच बाहेर. पण देशासाठी खेळायची टेनिसची जी रीत आहे, ती संघाची आहे.

पुरुषांच्या डेव्हिस कपमध्ये भारत पहिल्यांदा खेळला १९२१ साली. बायकांसाठी तशी स्पर्धाच १९६३पर्यंत नव्हती. त्या वर्षी लंडनच्या क्वीन्स क्लबवर १६ देशांचे संघ घेऊन फेडरेशन कप सुरू झाला. त्यालाच पुढे फेड कप म्हणू लागले आणि २०२० पासून बिली जीन किंग कप. भारताचा महिला संघ त्यात पहिल्यांदा उतरला १९९१ साली. पुरुषांचा पहिला संघ आणि बायकांचा पहिला संघ यांच्यामध्ये बरोबर सत्तर वर्षं आहेत.

आशियाई खेळांमध्ये टेनिस आलं ते १९५८च्या टोकियोपासून. पुढे तिथे एकेरी-दुहेरीबरोबर सांघिक स्पर्धाही होऊ लागल्या, पुरुषांची वेगळी, महिलांची वेगळी. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. दोन देशांच्या एका लढतीत तीन सामने : दोन एकेरीचे, एक दुहेरीचा. ज्याचे दोन सामने आधी, तो देश पुढे.

आता हिशेब करा. तुमच्या देशात जगातली पहिल्या पन्नासातली एक खेळाडू आहे. ती तिचा एकेरीचा सामना जिंकेल, एक गुण येईल. दुसरा कुठून आणायचा? एक तर दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीनं तिचा सामना जिंकायला हवा, नाहीतर दुहेरी जिंकायला हवी. म्हणजे एका ताऱ्यावर संघ जिंकत नाही. दुसरी आणि तिसरी हवीच. आणि पाच दिवस रोज खेळायचं असेल, कुणाचा घोटा मुरगळला असेल, कुणाला ताप आला असेल, तर चौथीही हवी.

दोहा, २००६

डिसेंबर २००६, कतारमधलं दोहा. सानिया मिर्झा तेव्हा वीस वर्षांची होती आणि देशभरातल्या होर्डिंगवर होती. त्या आशियाई खेळांत तिनं तीन पदकं आणली. लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण, एकेरीत चीनच्या झेंग जिएकडून हरून रौप्य, आणि तिसरं, महिला सांघिकचं रौप्य. सांघिकच्या अंतिम लढतीत चायनीज तैपेईनं भारताला हरवलं होतं.

ते तिसरं पदक एकटीचं नव्हतं. पदकतालिकेत ते एकच मोजलं गेलं, पण ते चार गळ्यांत पडलं होतं. सानिया मिर्झा, अमेरिकेत वाढलेली शिखा उबेरॉय, दिल्लीची अंकिता भांबरी आणि मुंबईची ईशा लखानी.

ही चार नावं मी एका बैठकीत माझ्या भाच्याला विचारली. तो क्रिकेटचा आकडेतज्ज्ञ, २०११च्या वर्ल्ड कपमधले राखीव खेळाडूसुद्धा त्याला पाठ. सानिया त्यानं लगेच सांगितली. मग थांबला. दोष त्याचा नाही. बातमीच्या मथळ्यात एकच नाव मावतं, आणि जे मथळ्यात मावत नाही ते लक्षात राहत नाही.

पण सांघिक स्पर्धेनं जे केलं ते मथळ्यापलीकडचं होतं. देशातल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुलीला तिनं देशाचा शर्ट दिला. या चारजणींपैकी तिघी जगाच्या क्रमवारीत सानियाच्या खूप मागे होत्या. एकेरीच्या सोडतीत त्या एकेकट्या आल्या असत्या आणि बहुधा एकेकट्याच परत गेल्या असत्या. संघ होता म्हणून त्या अंतिम लढतीपर्यंत एका बाकावर बसल्या.

बाकावरची मुलगी

इथे थोडं माझं सांगते. कोपरगावच्या शाळेत मी खो-खोच्या संघात होते. मैदानात उतरतात नऊ. मी बारावी. मोजून सांगायचं तर दोन वर्षांत मी एका सामन्यात शेवटची काही मिनिटं खेळले आणि त्यातही एकदा फाउल केला.

पण त्या संघामुळे मी पहिल्यांदा घरच्यांशिवाय परगावी गेले. आमच्यातल्या बहुतेकींचं तसंच होतं. "एकटी कुठे पाठवायची?" हा प्रश्न घरात विचारला जायचाच. त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं, "सगळ्याजणी चालल्यात, मॅडम आहेत बरोबर." या एका वाक्यावर किती मुलींच्या वह्यांवर पालकांच्या सह्या झाल्या असतील! एसटीच्या मागच्या सीटवर बसून, भेंड्या खेळत, डब्यातली चटणी-भाकरी वाटून खात आम्ही तालुक्याबाहेर पडलो. मी मैदानावर फारशी उतरले नाही, पण संघात होते. त्यामुळे घराचं दार माझ्यासाठी उघडलं.

टेनिस खेळणाऱ्या मुलीचं आयुष्य याच्या नेमकं उलट असतं. व्यावसायिक महिला टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा. तो आकडा मोठा वाटतो, पण ती सगळ्या स्पर्धेची मिळून रक्कम असते. त्यातला थोडासा भाग विजेतीला मिळतो आणि पहिल्याच फेरीत हरलेलीला प्रवासखर्चही सुटत नाही. स्पर्धा कधी सोलापुरात, तर कधी परदेशातल्या एखाद्या आडगावात. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, फिजिओ हे सगळं आपलं आपण. बरोबर आई किंवा वडील येऊ शकले तर खर्च दुप्पट, नाही आले तर एकटी. अशी वर्षंच्या वर्षं. या मुलींना "सगळ्याजणी चालल्यात" हे वाक्य फक्त देशाच्या संघात ऐकायला मिळतं.

ऋतुजाच्या बाबतीत ते आणखी एका ठिकाणी मिळालं. ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. तिथल्या विद्यापीठांचं टेनिस पूर्ण सांघिक असतं. एका लढतीत एकेरीचे सहा सामने असतात, प्रत्येकाला एक गुण. दुहेरीचे तीन सामने मिळून एक गुण. सात गुणांची लढत, चार आधी मिळवेल तो जिंकला. यातली गंमत अशी की सहाव्या कोर्टवरच्या मुलीचा गुण पहिल्या कोर्टवरच्या मुलीच्या गुणाइतकाच मोलाचा. तुमचा सामना सगळ्यात शेवटी चालू असेल आणि गुण ३-३ असतील, तर तुमचा सगळा संघ जाळीबाहेर उभा राहून तुमच्याच नावानं ओरडतो.

दुबई, मार्च २०२०

सांघिक टेनिसमध्ये हरलेल्या खेळाडूचंही काय होतं, ते पाहायला २०२०चा फेड कप बघावा.

आशिया-ओशनिया गटाची ती फेरी आधी चीनमध्ये व्हायची होती. कोरोनामुळे ती कझाकस्तानला हलवली, तिथूनही हलवून शेवटी मार्चमध्ये दुबईत आली. सहा देश होते, त्यातले पहिले दोन पुढच्या प्ले-ऑफमध्ये जाणार होते. भारत तिथवर आधी कधीच पोचला नव्हता. संघात सानिया होती, मुलाच्या जन्मानंतर नुकतीच परतलेली. पुण्यात वर्षानुवर्षं सराव केलेली अंकिता रैना होती. आणि दुसऱ्या एकेरीची जबाबदारी होती ऋतुजा भोसलेकडे. संघाच्या प्रशिक्षकपदी होती अंकिता भांबरी, दोहाच्या त्या चार नावांमधली एक.

पहिल्याच दिवशी चीनकडून भारत हरला. मग उझबेकिस्तान, कोरिया, तैपेई यांना हरवलं. शेवटच्या दिवशी समोर इंडोनेशिया. पहिली एकेरी ऋतुजाची होती. सोळा वर्षांच्या प्रिस्का नुग्रोहोनं तिला हरवलं. एरवीच्या स्पर्धेत गोष्ट इथे संपते. बॅग उचलायची, हॉटेल सोडायचं, पुढचं तिकीट बघायचं.

पण हा संघ होता. ऋतुजा बाकावर येऊन बसली. अंकितानं दुसरी एकेरी जिंकून बरोबरी केली. मग सानिया आणि अंकितानं दुहेरी जिंकली. भारत प्ले-ऑफमध्ये गेला, पहिल्यांदाच. त्या दिवशी हरलेली मुलगी त्या संध्याकाळी जिंकलेल्या संघात होती. आधीच्या दिवसांत तिनं केलेली मेहनत वाया गेली नव्हती, ती हिशेबात जमा होती. एकेरीच्या टेनिसमध्ये अशी सोय नाही.

यादीतून गेलेली ओळ

आता ग्रुपवरच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ.

२०१४ साली कोरियातल्या इंचॉनला झालेल्या आशियाई खेळांत टेनिसच्या सात स्पर्धा होत्या. त्यात महिला सांघिक होती. २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगला पाचच उरल्या. पुरुष आणि महिला एकेरी, पुरुष आणि महिला दुहेरी, मिश्र दुहेरी. ऑलिंपिकमध्ये आहेत त्याच पाच. हांगझोऊलाही तेच. दोन्ही सांघिक स्पर्धा गेल्या.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिसच्या महिला सांघिक स्पर्धा मात्र आशियाई खेळांत राहिल्या. टेबल टेनिसची तर २०२४पर्यंत ऑलिंपिकमध्येही होती. २०२४ला पॅरिसमध्ये भारताचा महिला संघ उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून १-३ असा हरला, तेव्हा तो एकमेव विजय मिळवून दिला तो मनिका बत्रा किंवा श्रीजा अकुलानं नाही, तर अर्चना कामतनं. संघातल्या तिसऱ्या नावानं. संघ नसता तर अर्चनाचा तो सामनाच झाला नसता.

टेनिसमधली सांघिक ओळ गेल्यावर काय बदललं? मोठ्या खेळाडूंचं फारसं नाही. त्यांना ग्रँड स्लॅम आहे, दुहेरी आहे. बदललं ते छोट्या गावांतून आलेल्या, क्रमवारीत मागे असलेल्या मुलींचं. त्यांच्यासाठी पदकाची वाट आता दुहेरीतून जाते, आणि तीही योग्य जोडीदार मिळाला तर.

हे आपल्याकडच्या दोन मुलींच्या बाबतीत जसंच्या तसं दिसतं. प्रार्थना ठोंबरे ही सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. इंचॉनला २०१४ साली सानियाबरोबर तिनं महिला दुहेरीचं कांस्य जिंकलं. पुढे २०१६ला ती सानियाबरोबरच रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. चीनच्या जोडीविरुद्ध पहिल्याच फेरीत तीन सेट झुंजून दोघी हरल्या, शेवटचा सेट ५-७. आणि दुसरी ऋतुजा. हांगझोऊला एकेरीत ती फिलिपिन्सच्या ॲलेक्स ईलाकडून हरली होती. ही तीच ईला, जिनं पुढे २०२५ साली मायामीत इगा श्वियाँतेकला हरवलं. ऋतुजाच्या आशियाई खेळांची गोष्ट तिथेच संपू शकली असती. बोपण्णाबरोबरची जोडी होती म्हणून ती सुवर्णापर्यंत गेली.

दोघींनीही ती पदकं स्वतःच्या हातानं मिळवली, त्यात शंका नाही. अंतिम सामन्यात पहिला सेट गेल्यावर परतणं हे कुणी उसनं देत नाही. पण बार्शी आणि श्रीरामपूरच्या मुलींना व्यासपीठावर चढायला प्रत्येक वेळी शेजारी एक सानिया किंवा एक बोपण्णा असावा लागणार असेल, तर बाकीच्यांचं काय? ज्यांना तसा जोडीदार मिळाला नाही, त्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुलींचं काय?

काहीजण म्हणतील, बिली जीन किंग कप आहे की. आहे, आणि त्याचं महत्त्व मोठं आहे. एप्रिल २०२५मध्ये त्याची आशिया-ओशनिया फेरी पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला झाली. भारत दुसऱ्यांदा प्ले-ऑफला पात्र ठरला. त्या संघात तिशी ओलांडलेल्या दोघी होत्या, अंकिता रैना आणि बार्शीची प्रार्थना. कोपरगावातून सकाळी निघालं तर दुपारचा सामना बघून रात्री परत येता येईल, इतक्या जवळ हे घडत होतं. पण ती स्पर्धा फक्त टेनिस बघणाऱ्यांची. आशियाई खेळांचं तसं नाही. ते आमच्या त्या ग्रुपवर येतात. कबड्डी, नेमबाजी, धावण्याच्या शर्यती बघता बघता टेनिसही दिसतं. कधी टेनिस न बघितलेली आई आपल्या मुलीला हाक मारून म्हणते, "बघ गं, ही आपल्या श्रीरामपूरची." तिथे चार मुली एका रंगाच्या शर्टात एका बाकावर दिसल्या, तर त्या आईला टेनिसचे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत. संघ म्हणजे काय, ते तिला माहीत आहे. खो-खोच्या मैदानावर तिनं ते पाहिलेलं आहे.

मी मैत्रिणीला एवढं लांब उत्तर लिहिलं नाही. फक्त लिहिलं, 'असायचं. २००६ला आपल्या मुलींनी रौप्य आणलं होतं. नंतर स्पर्धाच बंद झाली.'

तिनं विचारलं, 'कोण कोण होत्या?'

मी चारही नावं लिहिली. ओळीनं, सानियाचं शेवटी.